तीन नंबरचं चॅनेल

टेम्पोवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न दिला तेव्हा मी ठाकुर्लीच्या चाळीच्या जिन्यात उभी होते आणि माझ्या पोटाशी तो खोका होता. बाकी सगळं सामान चढलेलं. कपाट, गॅस, देवघर, आईची शिलाई मशीन, जुन्या चादरीत गुंडाळलेला अप्पांचा फोटो. मागे पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, हा खोका राहू द्या. संध्याकाळी भंगारवाला येईलच." मी म्हटलं, "भंगारात आधी तुझा टेम्पो जाईल." आणि खोका मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर आईच्या शेजारी चेपून बसले.

आईच्या मांडीवर तिची स्वतःची पिशवी होती. त्यात दोन साड्या, बीपीच्या गोळ्या, टॉवेल आणि आमच्या खोलीचं कुलूप, किल्लीसकट. "चार दिवस बघते," ती म्हणाली, "नाही जमलं तर परत येते." चाळ महिन्याभरात पाडणार होते, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. माजिवड्याला आम्ही तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो, तरी दोघींपैकी कोणी मांडीवरचं ओझं खाली ठेवलं नाही.

तुमच्यापैकी अर्धे लोक तोवर चाळ सोडून गेलेले होतात. कोणी बदलापूरला, कोणी टिटवाळ्याला, एक जण थेट कॅनडाला. आता आपण सगळे फक्त ग्रुपवर भेटतो. परवा मी ग्रुपवर लिहिलं, की मीही घर सोडल्याच्या आठवणी लिहिणार आहे, तर कॅनडावाल्याने हसण्याचे सहा इमोजी टाकले. ठाकुर्लीहून घोडबंदर रोडला जाणं, ह्याला काय स्थलांतर म्हणतात का? व्हिसा लागला का गं? अरे शहाण्या, तुझ्या तिथे निदान बर्फ पडतो, म्हणून लोकांना कळतं की तू लांब गेलास. माझ्या आईला इथे तोच भाजीवाल्याचा कांदा, तीच मराठी पाटी आणि तेच ऊन, तरी तिला एकही माणूस ओळखीचा नव्हता. ह्याला मी स्थलांतर म्हणणार. तुला पटलं नाही तरी म्हणणार.

आणि त्या खोक्यात काय होतं हेही सांगते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. व्हिडिओ गेम. राखाडी रंगाचा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. हसा.

तो आमच्याकडे आला कसा, ते तुम्हाला आठवत असेल. डोंबिवली स्टेशनसमोरच्या एका साडीच्या दुकानात दसऱ्याला लकी ड्रॉ होता. आईने मावशीच्या मुलीच्या लग्नासाठी दोन साड्या घेतल्या आणि कूपन भरलं. पहिलं बक्षीस मिक्सर. आईचा नंबर लागला असा निरोप आला तेव्हा ती इतकी खुश झाली, की शेजारी सांगून मगच दुकानात गेली. तिथे कळलं की नंबर दुसऱ्या बक्षिसाचा आहे. तिने दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घातली. "मला चटणी वाटायला मिक्सर हवाय, ती काय मी ह्या डबड्यात वाटू?" दुकानदार बधला नाही. आई तो खोका घेऊन घरी आली आणि माझ्या पुढ्यात आपटून म्हणाली, "घे. माझ्या नशिबाचा मिक्सर गेला." पुढची दोन वर्षं पाट्यावर वाटण वाटताना ती न चुकता माझ्याकडे आणि त्या खोक्याकडे एकाच नजरेने बघायची.

मी तेव्हा आठवीत होते. पहिले पंधरा दिवस चाळीतली पोरं आमच्या खोलीत ठाण मांडून बसलेली. मग आईने सगळ्यांना हाकललं, कारण मुलगी मोठी होत होती आणि पोरं घरात नकोत. खेळायचं तर भावाने, आणि भाऊ मला नव्हता. "मुलीच्या जातीला शोभतं का हे?" हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी शेवटी ती तोंड उघडायच्या आधीच मी तिच्या जागी ते म्हणून टाकायचे. त्यावर एकदा लाटणंही खाल्लंय.

पण दुपारी अप्पा कंपनीत आणि आई शिवलेले ब्लाउज पोचवायला डोंबिवलीत. दोन ते पाच घर माझं. कॅसेटवर चौसष्ट गेम असं लिहिलेलं, प्रत्यक्षात होते सात, तेच रंग बदलून पुन्हा पुन्हा. त्यातला एकच मला आवडायचा. त्याचं नाव काय ते आजही माहीत नाही, कारण वर सगळं चिनी होतं. एक बुटका शिपाई, सहा गड, वाटेत खड्डे, घुबडं, पडणारे दगड. सहाव्या गडाच्या शेवटी काय आहे ते चाळीत कोणालाच माहीत नव्हतं.

अडचण एवढीच होती, की आमच्या टीव्हीला वायर लावायचं भोक एकच. केबलची पिन काढायची, गेमची लावायची, परत केबलची लावायची. अप्पांना संध्याकाळी बातम्यांत मुंग्या दिसल्या की लगेच, "कोणी हात लावला?" म्हणून मी डोकं चालवलं. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दोन तोंडांचा जॉइंट आणला. एका तोंडात केबल, दुसऱ्यात गेम, आणि एकच वायर टीव्हीला. टीव्हीच्या मागे लपवून टाकला. आता पिनेला हातच लावायला नको. तीन नंबरच्या चॅनेलवर गेम, बाकीच्यांवर केबल. स्वतःवर इतकी खुश मी दहावीच्या निकालालाही झालेले नाही.

ज्या वायरीतून चित्र घरात येतं, त्याच वायरीतून ते बाहेरही जातं, एवढं मला कुठे कळायला! आपल्या अख्ख्या गॅलरीला केबलची एकच लाइन होती.

आठ दिवस. आठ दिवस मी दाराला कडी लावून, पडदा ओढून, आवाज अगदी बारीक करून चोरून खेळत होते, आणि त्याच वेळी पहिल्या मजल्यावरच्या अकरा टीव्हींवर तीन नंबर लावून तुम्ही सगळे मला मरताना बघत होतात. नवव्या दिवशी मी नळावर बादली लावून उभी, आणि रेल्वेतले माने काका दात घासता घासता म्हणाले, "स्मिता, तिसऱ्या गडातलं ते घुबड खालून मारायचं गं. तू वरून जातेस, म्हणून मरतेस." बादली भरून वाहायला लागली तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही. मागे रांगेतल्या बायका हसू दाबत होत्या. मी रडवेली होऊन म्हटलं, "मला कोणी सांगितलं का नाही?" तर त्यातली एक म्हणते कशी, "सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस ना!"

त्या संध्याकाळी अप्पांना कळलं. "सगळ्या चाळीला तमाशा दाखवतेस?" एवढंच बोलले, पण चहा न पिता उठले. केबलवाल्याने येऊन जॉइंट काढला. खोका माळ्यावर गेला. आई म्हणाली, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता भिंत वाजायला लागली.

पलीकडे पेडणेकर काकू. मोरीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलेलं, आणि त्या चार महिने खाटेवर पडून होत्या. मुलगा-सून दोघं नोकरीला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात त्या एकट्या. शेजारी ताट झाकून ठेवलेलं, पाण्याचा तांब्या आणि टीव्ही. त्या हातातल्या कालथ्याने भिंतीवर ठोकत होत्या. घाबरून मी तिकडे गेलेच नाही, आई परत आल्यावर ती गेली. काकू तिला म्हणाल्या, "माझो बाबल्यो खंय गेलो?"

बाबल्यो म्हणजे तो शिपाई. काकूंनी त्याचं बारसं पण करून टाकलेलं.

अप्पा घरी आले तेव्हा काकूंनी त्यांना बोलावून घेतलं. लग्नाआधी अप्पा दोन वर्षं त्यांच्याकडे जेवायला होते, त्यामुळे त्यांच्यासमोर अप्पांचा आवाज कधी चढलाच नाही. मी दाराआड उभी राहून ऐकलं. "तुका मी दोन वर्सां जेवूक घातलंय. माका तेचा काय एक नको. ती वायर तेवढी लावून दी." अप्पा खाली मान घालून परत आले, माळ्यावर चढले आणि खोका काढला. रविवारी त्यांनी स्वतः स्टुलावर उभं राहून आमच्या झरोक्यातून काकूंच्या झरोक्यात वेगळी वायर ओढली. आईने स्टूल धरलं, पण तोंड असं केलेलं, की मिक्सर दुसऱ्यांदा गेलाय.

त्यानंतरचं ते वर्ष मी विसरणार नाही. दोन वाजले की मी गेम लावायचे आणि पलीकडून काकू खेळायच्या. हो, त्याच खेळायच्या. माझी नुसती बोटं. कालथा एकदा वाजला की उडी, दोनदा वाजला की थांब. मी चुकले की भिंतीपलीकडून शिव्या. "अगो, थयसर खड्डो आसा! डोळे खंय गेले तुझे?" त्यांना सगळे खड्डे पाठ. कुठला दगड कधी पडतो ते पाठ. मला वर्गात फळ्यावरचं दिसत नाही हे घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते काकूंच्या आलं. "पोरग्याक लांबचो खड्डो दिसना नाय," असं त्यांनी आईला सांगितलं आणि मला चष्मा लागला. मी पोरगी असले तरी त्यांच्या तोंडी मी आणि बाबल्यो एकच झालेलो.

पाचवा गड आम्ही चार वेळा पार केला. सहाव्याच्या दारात पोचायला अडीच तास लागायचे आणि ह्या गेमला मध्ये थांबवून ठेवायची सोय नाही. बंद केला की पहिल्या गडापासून. दोन वेळा आई लवकर आली, दोन वेळा लाइट गेले. लाइट गेले की भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकदमच "अरे देवा" यायचं.

मग काकूंच्या मुलाने बदलापूरला जागा घेतली. खुर्चीत बसवून त्यांना खाली उतरवत होते तेव्हा मी जिन्यात उभी होते, त्याच पायरीवर, जिथून नंतर खोका घेऊन मी निघाले. त्यांनी माझा हात धरला. "माका सोडून फुडे जावक नको हां." बस, तेवढंच. बदलापूरला त्या दीड वर्ष होत्या, मग गेल्या. मी आईबरोबर एकदा गेले. नवीन फर्निचर, नवीन टीव्ही, सुनेने सरबत दिलं. काकू सारख्या माझ्या पिशवीकडे बघत होत्या. खोका मी नेला नव्हता. नववीत गेलेले, मोठी झालेले, लोकांच्या घरी असलं डबडं घेऊन जायची मला लाज वाटली. ती लाज मी आजही स्वतःला माफ केलेली नाही. तो गेम मी त्यानंतर कधी खेळले नाही, आणि खोका कधी टाकला नाही. ऑफिसातली पोरं सांगतात, मॅडम, हे सगळं मोबाईलवर फुकट मिळतं, सेव्हसुद्धा होतं. मला सेव्ह नको. माझी अडीच तास घालवायची तयारी आहे, तुमचा काय प्रॉब्लेम?

तर आता घोडबंदर. तेविसावा मजला. अख्खा टॉवर सिमेंट ओतून उभा केलेला, विटेचा पत्ता नाही. साधा खिळा ठोकायला गेलं की खिळाच वाकतो. अप्पांचा फोटो लावायला ड्रिलवाला बोलवावा लागला. बिल्डरने अभिमानाने सांगितलेलं, "शेजारचा आवाज अजिबात येणार नाही." खरंच आला नाही. आई पहिले काही दिवस भिंतीला कान लावून उभी राहायची. मला वाटलं, तिचं काहीतरी बिघडलं. ती म्हणाली, "बघते, पलीकडे कोणी आहे का."

मी सकाळी सहाला नौपाड्यातल्या लॅबमध्ये जाते, लोकांचं रक्त काढते, दोन-अडीचला घरी येते. तोवर आई एकटी. इथे कोणी बेल वाजवत नाही, आधी गेटवरून मोबाईलवर विचारतात, वर सोडू का. आईची पिशवी हॉलच्या दारामागे खुंटीला होती, जशी आणलेली तशी. साड्या त्यातूनच काढायची, धुवून त्यातच ठेवायची. मी कपाटात एक अख्खा खण रिकामा ठेवला, तो रिकामाच राहिला. दर रविवारी चहा पिताना, "मग, कधी जायचं?" ग्रुपवर तुमच्यापैकीच कोणीतरी पाडलेल्या चाळीचा फोटो टाकला, तो मी तिला दाखवला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "बरं." पिशवी हलली नाही. मला रात्रंदिवस एकच भीती. माझी आई माझ्याच घरात पाहुणी म्हणून राहील आणि पाहुणी म्हणूनच जाईल. ह्याच्यासाठी मी वीस वर्षांचं कर्ज काढलं?

चिडून एका दुपारी मी खोका काढला. नवा अडॅप्टर आणलेला होताच. मोठ्या टीव्हीवर शिपाई अगदीच चौकोनी दिसायला लागला, पण आला. तीन नंबरवरच लावला. आई सवयीने दार उघडं ठेवून बसलेली, वारा येतो म्हणून. समोरच्या लिफ्टपाशी शेजारचे शहा अंकल व्हीलचेअरवर. पॅरालिसिस झालेला, उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. त्यांना सांभाळणाऱ्या बाई लिफ्टची वाट बघत होत्या. अंकलनी आमच्या टीव्हीकडे बघितलं, डावा हात वर केला आणि स्पष्ट म्हणाले, "छोकरो!"

त्या बाई चक्रावल्या. महिनाभरात त्यांनी अंकलच्या तोंडून धड शब्द ऐकला नव्हता. आई मात्र लगेच उठली. "या ना भाऊ, या." ह्या घरातला आमचा तो पहिला पाहुणा.

ते रोज तीन वाजता यायला लागले. खड्डा आला की डावा हात हँडलवर आपटायचे. आई त्यांच्यासाठी मऊ शिरा करून ठेवायची. दहाव्या दिवशी त्यांची सून सांगायला आली, की पाठीला जखमा झाल्यात, डॉक्टरांनी बसायला बंदी केली, आता झोपूनच. ती गेल्यावर आई उगाचच ओटा पुसत राहिली. मग एकदम म्हणाली, "स्मिते, पेडणेकर काकूंकडे अप्पांनी कसं लावून दिलेलं गं?"

ज्या बाईने तीस वर्षं त्या खोक्याला साधं नाव दिलं नाही, ती मला वायरीबद्दल विचारत होती. दुसऱ्या दिवशी मी पंधरा मीटर वायर आणि तसलाच दोन तोंडांचा जॉइंट आणला. आमच्या बाल्कनीतून त्यांच्या बाल्कनीत वायर ओढली. आईने ह्या वेळी स्टूल धरलं नाही, मलाच म्हणाली, "सरक, तुला नीट जमत नाही." भिंत ठोकून उपयोग नव्हता, मग इंटरकॉम ठरला. तो अंकलच्या उशाशी होता. एकदा वाजला की उडी, दोनदा वाजला की थांब. चार दिवसांनी सून दारात आली आणि आईचा हात धरून म्हणाली, "आंटी, पप्पा ने आज पूरा खाना खाया."

नवव्या दिवशी सोसायटीची नोटीस. इंग्रजीत. बाल्कनीबाहेर विनापरवाना वायर, इमारतीचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरचं रूप, बिघडतं, सात दिवसांत काढा. मी उत्तर लिहिलं, काढणार नाही. सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, धिस इज नॉट अ चाळ." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "माहीत आहे हो. तुम्ही आठवण करून द्यायची गरज नाही."

रविवारी अकरा वाजता क्लबहाउसमध्ये मीटिंग. आई इस्त्रीची साडी नेसून आली, पिशवीतली. मी घरून भाषण पाठ करून गेलेले. नियम, माणुसकी, आजारी माणूस. दोन वाक्यांत सेक्रेटरींनी मला तोडलं. "ते ठीक आहे मॅडम, पण ही वायर नक्की कोणाची? तुमची की शहांची? रिस्पॉन्सिबिलिटी कोणाची?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारची खुर्ची सरकली. आई उभी.

"माझी," ती म्हणाली. "वायर माझी आणि व्हिडिओ गेमही माझा. डोंबिवलीच्या साडीच्या दुकानात मला ड्रॉमध्ये लागलाय तो. मिक्सर लागायचा होता, हा लागला. तीस वर्षं झाली. काय विचारायचं ते मला विचारा, हिला नाही."

कोणीतरी हसलं. आई तिकडे वळली. "हसा. आणि चाळ नाही म्हणता ना? ते दिसतंच आहे. चाळीत माणूस चार दिवस दिसला नाही तर लोक दार वाजवायचे. शहाभाई किती दिवस झोपून आहेत, सांगा बघू तुमच्यापैकी कोणी. तुम्ही सांगा, सेक्रेटरी."

सेक्रेटरींनी समोरचे कागद सरळ केले. कोणालाच माहीत नव्हतं. सांगायला शहांची सून उठली. आई म्हणाली, "बस बाळ. ह्यांनाच सांगू दे." विषय पुढच्या मीटिंगला घ्यायचं ठरलं. पुढच्या मीटिंगला तो कोणी काढला नाही. दर महिन्याला नोटीस मात्र नियमाने येते. कागद चांगला जाड असतो, आई तो कपाटाच्या खणात साड्यांखाली अंथरते. हो, त्याच खणात. पिशवी अजून दारामागेच आहे. त्यात आता उरलेली वायर, जास्तीचा अडॅप्टर आणि जुन्या खोलीचं कुलूप असतं.

मागच्या शनिवारी आम्ही सहाव्या गडात शिरलो. इथे लाइट गेले तरी जनरेटर आहे, तेवढं एक टॉवरचं मान्य करते. अडीच तास झालेले. समोर मी आयुष्यात कधी न बघितलेला पूल, आणि पुलाला मध्येच भगदाड. माझी बोटं थांबली. कानात जिन्यातल्या काकू. माका सोडून फुडे जावक नको. मला खरंच पुढे जाववेना. मी तशीच बसले आणि चष्म्यामागून रडायला लागले, बेचाळिसाव्या वर्षी, हातात रिमोट धरून.

इंटरकॉम वाजला. एकदा.

"अगं, वाजला ना!" आई ओरडली. "बघतेस काय, मार उडी! काकू असत्या तर एव्हाना कालथा फेकून मारला असता तुला."

मी मारली. अर्थात पडले.

कॅनडावाल्या, बदलापूरवाले, टिटवाळेवाले, तुम्हा सगळ्यांना सांगते. घर कुठे गेलं म्हणून ग्रुपवर पाडलेल्या चाळीचे फोटो टाकत बसू नका. आपण कुठल्या खड्ड्यात पडणार हे ज्याला आधी दिसतं आणि जो ओरडतो, तो जिथे असेल तिथे आपलं घर. तो आपसूक मिळत नाही. वायर ओढावी लागते, आणि नोटीस आली तरी काढायची नाही.

मी डोळे पुसत होते तोवर आईने इंटरकॉम उचललेला. "पडली हो, शहाभाई," ती सांगत होती. "थांबा, झोपू नका. पहिल्यापासून लावतोय."